माझ्या वहीतले तास

गेल्या श्रावणापासून मी एक वही ठेवली आहे. अंगणवाडीच्या रजिस्टरांपेक्षा वेगळी, पदरच्या पैशाने आणलेली. तिच्यात लेकरांची वजनं नाहीत, माझे तास आहेत. सोमवार, रात्री ८.१० ते ९.४५ : ई-केवायसी, तिघींपैकी एकीची झाली. गुरुवार, पहाटे ५.३० ते ६.१५ : माळवदावर बसून माहिती भरली, त्या वेळी सर्व्हर चालतो म्हणून. रविवार : बैठक, दुपार गेली.

चाकूर तालुक्यातल्या एका लहान गावात मी अंगणवाडी सेविका आहे. सकाळी केंद्र उघडलं की फोनमध्ये नोंद करायची, लेकरांची हजेरी भरायची, फोटो काढायचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लेकरू आलं का, त्याचं वजन वाढलं की घटलं, हे सरकारला कळलंच पाहिजे. पण मी सकाळी कुलूप किती वाजता काढलं हे ज्या फोनला कळतं, त्याला मी रात्री कितीपर्यंत जागले हे का कळू नये?

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. त्याआधी आधारची ई-केवायसी लागते. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो फोन बाळंतिणीच्या नवऱ्याच्या खिशात. नवरा पुण्याकडे कंपनीत. दिवसा तो फोन उचलू शकत नाही. मग बाळंतीण, तिची सासू आणि मी, तिघी रात्री ओसरीवर त्याची पाळी सुटायची वाट बघतो. तो आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून. बाळ रडायला लागतं. सासू म्हणते, "बाई, ऱ्हाऊ द्या, उद्या बघू." उद्या सकाळी फोनवरच्या आमच्या गटावर यादी आलेली असते, कुणाचं किती काम राहिलं त्याची, नावासकट.

त्या नवऱ्याच्या कारखान्यात ठरल्यापेक्षा जास्त तास काम घेतलं, तर कायद्याने दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. त्याच रात्री त्याच्याच बाळासाठी मी जागते, त्याला दर नाही. कारण आम्ही मानसेवी. १९७५ साली अंगणवाडीची योजना सुरू झाली तेव्हापासून आमचा पगार नाही, मानधन आहे. केंद्र सरकारने ठरवलेलं मानधन २०१८ मध्ये ४,५०० रुपये झालं, राज्य आपली भर घालतं. पैसे देताना मी स्वखुशीने सेवा करणारी बाई असते आणि हजेरी घेताना नोकर. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. तरीही ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभर संपावर बसावं लागलं. थंडीच्या त्या दिवसांत लेकरांचा खाऊ बंद झाला याचं वाईट वाटत होतं, आजही वाटतं.

वही मी आमच्या पर्यवेक्षिका बाईंना दाखवली. त्यांनी पानं उलटली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या रविवारांचीबी अशीच वही भरंल." त्यांनाही वरून फोन येतात, तेही रात्रीच.

माझी मागणी साधी आहे. फोनमध्ये केंद्र उघडल्याची वेळ आहे, तसा केंद्राबाहेरच्या कामाच्या तासांचा एक रकाना घाला, आणि त्यात भरलेल्या तासांचे पैसे द्या. ते जमेपर्यंत संध्याकाळनंतर गटावर यादी मागू नका. आणि ज्या बाईचा नवरा परगावी आहे, तिचा आहार तिच्या सहीवर द्यायची मुभा मला द्या. तिच्या पोटात बाळ होतं तेव्हापासून मी तिला ओळखते.