रक्त कोळ्यांचे, औषध कोणाचे?

व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या तळाखालील तेलावर गेल्या शतकात परदेशी कंपन्या गबर झाल्या. त्याच सरोवराच्या परिसरात, बारांकितास आणि सान लुइस या वस्त्यांत, कोळ्यांची दरिद्री कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एका व्याधीने खंगत आली आहेत. ते तिला ‘एल माल’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात तिला १८७२ साली तिचे वर्णन करणाऱ्या हंटिंग्टन या डॉक्टरांचे नाव आहे. ऐन कर्तेपणी हातपाय आवरेनासे होतात, पुढे बुद्धी ढळते आणि पंधरा-वीस वर्षांत मृत्यू येतो. आईबापांपैकी एकाला हा रोग असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते.

ही माणसे दारूडी नसून आजारी आहेत, हे तेथील डॉ. आमेरिको नेग्रेते यांनी १९५५ मध्ये सांगितले. १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तेथे जाऊ लागले. वेक्सलर यांच्या आईला याच रोगाने १९७८ मध्ये मृत्यू आला होता. म्हणजे त्या केवळ संशोधक म्हणून गेल्या नव्हत्या. पुढील दोन दशकांत हे पथक वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा त्याच घरी गेले. डोळ्यांची हालचाल, बोटांची चपळाई, चाल, जीभ यांतील बारीकसारीक बदल ते टिपत राहिले. वंशावळीत दहा पिढ्यांतील अठरा हजारांहून अधिक माणसे नोंदली गेली. हजारोंनी रक्त दिले. त्यावरून १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील खूण सापडली आणि १९९३ मध्ये जनुक.

रोगाची वाटचाल मोजणे हे कारकुनी काम समजले जाते. ती समजूत चुकीची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्योर या कंपनीने मेंदूत शस्त्रक्रियेने सोडावयाच्या जनुक-उपचाराचे निष्कर्ष जाहीर केले. अधिक मात्रा मिळालेल्यांत तीन वर्षांत रोगाची गती ७५ टक्के मंदावल्याचे कंपनीने सांगितले. त्यात तीन वर्षे पूर्ण केलेले रुग्ण मोजके बाराच होते. म्हणून एवढ्यावर जल्लोष करणे घाईचे ठरेल. पण गती मंदावली, हे ठरले कशावरून? उपचार न मिळालेल्या इतर रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून. ज्यांच्या वाट्याला केवळ झिजणे आले, त्यांच्या झिजेच्या मापानेच औषधाचा गुण सिद्ध होतो.

तेव्हा अशा औषधाची किंमत ठरविताना केवळ कंपनीने घातलेले भांडवल मोजून चालणार नाही. सरोवराकाठच्या त्या बायाबापड्यांनी वर्षानुवर्षे बाह्या वर करून हात पुढे केला, आपल्या घरातील मरणे परक्यांना सांगितली. तेही श्रमच आहेत, आणि ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत. माराकाइबोत १९९९ मध्ये या रुग्णांसाठी एक आश्रयगृह उघडले, ते परोपकाराच्या बळावर. परोपकार आणि हक्क यांत फरक आहे. औषध बाजारात येईल त्या दिवशी ते प्रथम बारांकितासला, आणि तेही विनामूल्य, पोहोचले पाहिजे, ही मागणी आजच करावयास हवी. भाव ठरल्यावर ती कोणी ऐकणार नाही.