टीव्हीला जोडून खेळावयाचे जुने खेळ

टीव्हीला जोडून खेळावयाच्या खेळांविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहावें, हें कित्येक पालकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. त्यांचें म्हणणें असें कीं, मुलांच्या हातून मोबाइल सुटत नाहीं, परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि त्यांत शिक्षकांनींच खेळांची शिफारस करावी, म्हणजे आगींत तेल ओतण्यासारखें झालें. हें म्हणणें निराधार नाहीं. तथापि 'सर्वच खेळ वाईट' असें सरसकट म्हणणाऱ्या मनुष्याचें मुलें मुकाट्यानें ऐकून घेतात व त्याची पाठ फिरतांच पुन्हां खेळावयास बसतात. ह्या खेळांपैकीं चांगला कोणता व भिकार कोणता, हें जो कारणें देऊन सांगूं शकेल, त्याच्याशीं मात्र तीं वाद घालतात. आणि वाद घालणारें मूल निदान विचार तरी करूं लागतें. म्हणून आम्हीं हा विषय घेतला आहे, आणि त्यासाठीं चाळीस वर्षांपूर्वींचें एक यंत्र निवडलें आहे.

हें यंत्र जपानांतील निंटेंडो ह्या कंपनीनें १९८३ च्या जुलै महिन्यांत विक्रीस काढलें. ही कंपनी मुळांत १८८९ मध्यें क्योटो शहरीं खेळावयाचे पत्ते तयार करण्यासाठीं निघाली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. यंत्राचें नांव 'फॅमिकॉम', म्हणजे कुटुंबाचा संगणक. मासायुकी उएमुरा ह्या अभियंत्याच्या देखरेखीखालीं तें तयार झालें. आपल्या देशांत तें 'सामुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा निरनिराळ्या नांवांनीं आलें, आणि त्यांतील पुष्कळशीं यंत्रें मूळ कंपनीच्या परवान्यावांचून केलेल्या नकलाच होत्या. आमच्या झरी जामणीच्या भागांत तें वणी, पांढरकवडा किंवा पैनगंगेपलीकडील आदिलाबाद येथील बाजारांतून येई. कापसाचे पैसे हातीं आल्यावर एखाद्या घरीं तें घेतलें जाई, आणि मग तें घर सबंध आळीचें होई. कोलामांच्या ज्या पोडांवर त्या वेळीं वीजच नव्हती, तेथील मुलांच्या वांट्यास मात्र बाजाराच्या दिवशीं दुकानाबाहेर उभें राहून पाहण्यापलीकडे फारसें कांहीं आलें नाहीं.

खेळाच्या डबीस सर्व मुलें 'कॅसेट' म्हणत, व हातांत धरावयाच्या बटनांच्या पट्टीस 'रिमोट'. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असें ठळक अक्षरांत छापलेलें असे. प्रत्यक्षांत आंत मोजकेच खेळ असत. तेच पुन्हां निराळ्या नांवांनीं किंवा निराळ्या टप्प्यापासून सुरू होत. जाहिरातीवर किती विश्वास ठेवावा, ह्याचा पहिला धडा पुष्कळ मुलांस ह्या कॅसेटनेंच दिला, आणि तो वाया गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां त्या गर्दींतून खेळण्याजोगे खेळ कोणते? आमची कसोटी साधी आहे. तो खेळ दोघांस एका सतरंजीवर बसवितो कीं नाहीं, आणि हरल्यावर आपण कां हरलों हें मुलास कळतें कीं नाहीं, एवढेंच आम्ही पाहतों.

ह्या कसोटीस सर्वांत उत्तम उतरतो तो नामको कंपनीचा 'बॅटल सिटी' (१९८५). आपल्याकडे त्यास 'टँकचा गेम' म्हणतात. पडद्याच्या तळाशीं मधोमध गरुडाचें एक चिन्ह असतें व त्याभोंवतीं विटांचें कुंपण असतें. वरच्या बाजूनें शत्रूचे रणगाडे उतरतात, प्रत्येक टप्प्यांत वीस. आणि असे टप्पे पस्तीस आहेत. दोघां खेळाडूंनीं आपापल्या रणगाड्यानें त्या चिन्हाचें रक्षण करावयाचें असतें. ह्यांतील मर्म असें कीं, तुमची गोळी सोबत्यास लागली तर तो मरत नाहीं, परंतु कांहीं क्षण जागच्या जागीं थिजून राहतो, आणि तेवढ्या वेळांत शत्रू आपला डाव साधतो. त्याहून विशेष हें कीं, तुमच्याच गोळीनें तुमच्याच चिन्हाचा नाश होऊं शकतो. मग दोघांजवळ कितीहि जीव शिल्लक असोत, खेळ तेथेंच आटोपतो. जो केवळ बटन दाबीत सुटतो, तो शत्रूपेक्षां स्वतःच्या घराचेंच अधिक नुकसान करतो. म्हणून हा खेळ खेळणारीं मुलें गप्प बसूं शकत नाहींत. 'तूं डावीकडे राहा, मी घर सांभाळतों', 'इकडे मारूं नको, मी मध्यें आहें', अशी बोलणीं पांच मिनिटांत सुरू होतात. भांडणेंहि होतात, आणि तीं त्यांचीं त्यांनाच मिटवावीं लागतात, कारण एकट्यानें पुढचे टप्पे निभत नाहींत. वर्गांत गट पाडून काम देतांना जें साधावें म्हणून आम्ही धडपडतों, तें येथें कोणी न सांगतां घडतें.

कोनामी कंपनीच्या 'कॉन्ट्रा'चें नांव घेतल्यावांचून मुलें आम्हांस सोडणार नाहींत. नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रावर तो १९८७ मध्यें आला व घरगुती यंत्रावर १९८८ मध्यें. ह्यांत बंदुकांचा सुकाळ आहे, आणि म्हणून जे पालक नाक मुरडतात त्यांस आम्ही दोष देत नाहीं. आम्हांसहि तो दणदणाट फारसा प्रिय नाहीं. परंतु त्याच्या तिसऱ्या टप्प्यांत एक धबधबा आहे, त्यासाठीं हा खेळ आम्ही यादींतून काढूं शकत नाहीं. तेथें दोघांनीं खडकाखडकांवर उड्या मारीत वर चढावयाचें असतें. पुढें गेलेल्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि मागें राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला कीं मरतो. म्हणजे शत्रूनें गोळी न झाडतां सोबत्याच्या घाईनेंच तो मरतो! चपळ मुलास थांबावयास लावणें हें किती कठीण काम आहे, तें शिक्षकांस विचारावें. धबधब्यापाशीं मात्र चपळ मूल थांबतें. कारण सोबती गेला तर पुढच्या टप्प्यांत त्याचेंच हाल होतात, हें त्यास एकदोन वेळां अनुभवानें कळलेलें असतें.

कॉन्ट्रांत तीन जीव मिळतात, पण आरंभीं वर-वर-खालीं-खालीं-डावें-उजवें-डावें-उजवें अशा क्रमानें कळा दाबून मग दोन्ही बटनें दाबलीं कीं तीस मिळतात. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो ह्या कारागिरानें प्रथम 'ग्रेडियस' नांवाच्या खेळांत १९८६ मध्यें घातली होती; आपण केलेला खेळ तपासतांना तो त्यालाच झेपेना, म्हणून त्यानें ही पळवाट ठेविली, आणि ती तशीच राहून गेली. ही लबाडी आहे काय, असें मुलें विचारतात. आमच्या मतें शिकतांना तीस जीव घ्यावे आणि शिकल्यावर तिनांत खेळून दाखवावें. पोहणारा आरंभीं पाठीस भोपळा बांधतोच.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) ह्या खेळाविषयीं नवें काय सांगावें? तरी त्याचा पहिला टप्पा आम्हांस आदर्श पाठाचा नमुना वाटतो. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका ह्या जोडीनें तो रचला. त्यांत सूचनेचें एकहि वाक्य नाहीं. मारिओ डाव्या बाजूस उभा असतो व उजवीकडे जागा मोकळी असते, म्हणून मूल आपण होऊनच उजवीकडे निघतें. थोड्याच अंतरावर एक लहानसा शत्रू चालत येतो. उडी न मारल्यास मारिओ मरतो, परंतु अगदीं आरंभींच मरत असल्यामुळें गमावलें फारसें जात नाहीं, धडा मात्र मिळतो. पुढें प्रश्नचिन्हाच्या चौकटीस डोकें आपटलें कीं एक भूछत्र निघतें, तें समोरच्या नळावर आपटून मारिओकडेच परत येतें. पळावयास निघालेल्या मुलाच्याहि हातून तें बहुधा खाल्लें जातें, आणि मारिओ मोठा होतो. हा सबंध खेळ सुमारें चाळीस किलोबाइटांत बसविलेला आहे. मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र त्याच्या कितीतरी पट जागा घेतें. काटकसर इतकी कीं, आकाशांतील ढग व जमिनीवरील झुडूप हीं एकाच आकाराचीं असून केवळ रंग बदललेला आहे. आमच्या कसोटीस हा खेळ थोडा कमी उतरतो, कारण दोघे एकाच वेळीं खेळत नाहींत. एकाचा मारिओ मेला कीं मग दुसऱ्याच्या लुइजीची पाळी येते. तरीहि पाळीची वाट पाहणें हेंहि कांहीं कमी शिक्षण नव्हे.

एक गोष्ट येथेंच सांगून टाकूं. ह्या यंत्रावरील बहुतेक खेळांत अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशीं तेथूनच पुढें जाण्याची सोय नव्हती. विदर्भांत भारनियमनाचे दिवस होते तेव्हां ह्याचा अर्थ काय होई, तें ज्यानें भोगलें त्यालाच ठाऊक. मारिओच्या आठव्या जगांत पोंचावें, भोंवतीं आळींतील दहा डोकीं जमावीं, आणि वीज जावी!

बदकें मारण्याचा 'डक हंट' (१९८४) धाकट्यांस फार आवडतो, आणि मोठ्यांस त्यांतील विज्ञान आवडावें. बंदुकींतून कांहींहि बाहेर पडत नाहीं. उलट तिच्या तोंडाशीं प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. घोडा दाबतांच पडदा क्षणभर काळा होतो व बदकाच्या जागीं पांढरी चौकट उमटते. बंदुकीनें ती चौकट पाहिली कीं नेम लागला. हें सर्व जुन्या फुगीर काचेच्या, चित्रनळीच्या टीव्हीच्या गतीवर बेतलेलें असल्यामुळें आजच्या सपाट टीव्हीवर ही बंदूक चालत नाहीं. पालकांनीं ती लक्षांत ठेवूनच पैसे खर्च करावे. शिवाय एकाच बदकाच्या डावांत दुसऱ्या मुलास रिमोटनें तें बदक हवें तिकडे उडवितां येतें, ही गंमत पुष्कळांस अजून सांपडलेली नाहीं.

'रोड फायटर'ची मोटार एकट्यानें हांकावयाची, पेट्रोल संपलें कीं खेळ संपला. ठीक आहे, पण त्यांत सांगण्यासारखें नाहीं. 'सर्कस चार्ली' पहिली-दुसरीच्या मुलांस द्यावा. 'टेट्रिस' हा खेळ मात्र एकट्याचा असूनहि आमच्या मनांत भरतो. अलेक्सी पाजित्नोव ह्या रशियन गणकतज्ज्ञानें तो १९८४ मध्यें मॉस्को येथें रचला. ह्या यंत्रावरील त्याची आवृत्ति इतकी वेगवान होत जाते कीं तिला शेवट आहे काय हेंच कोणी खेळून पाहिलें नव्हतें. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलानें ती इतकी लांबविली कीं यंत्रच गोठून थांबलें. तोंवर त्या खेळास चौतीस वर्षें झालीं होतीं.

आतां कोणी म्हणेल, मोबाइलवर ह्याहून सुंदर चित्रें असतांना हें जुनेंपुराणें कशास उगाळावें? चित्रें सुंदर आहेत, ह्यांत वाद नाहीं. परंतु हे जुने खेळ एकदां विकत घेतले कीं पुन्हां पैसे मागत नसत. मोबाइलवरील पुष्कळ खेळ फुकट म्हणून घरांत शिरतात आणि मग पोशाखासाठीं, शस्त्रासाठीं, नशिबाच्या पेटीसाठीं बापाच्या खात्याकडे बोट दाखवितात. कापूस विकून भरलेल्या खात्यांतून मुलानें न सांगतां पैसे खर्च केल्याच्या तक्रारी पालकांच्या सभांत आम्हीं ऐकिल्या आहेत. सरकारनें २०२० मध्यें 'पबजी मोबाइल' व २०२२ मध्यें 'फ्री फायर' ह्यांवर बंदी घातली. पहिला खेळ वर्षभरांतच नवें नांव घेऊन परत आला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत केला, तो स्वागतार्हच आहे. पण कायदा घराच्या ओसरीपर्यंत येतो; सतरंजीवर कोण कोणाजवळ बसतें, तें घरच्यांनींच ठरवावयाचें असतें. मोबाइल हातांत घेतलेलीं चार भावंडें चार कोपऱ्यांत बसतात. जुन्या यंत्रास दोन रिमोट होते व वायरी आंखूड होत्या; त्यामुळें कोपऱ्यांत जाऊन बसणें शक्यच नव्हतें.

त्या रिमोटांविषयीं एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. जपानी मूळ यंत्राच्या दुसऱ्या रिमोटास खेळ सुरू करण्याचें बटनच नव्हतें. आणि आमच्याकडे तो दुसरा रिमोट बहुधा बहिणीच्या हातीं येई, तोहि भाऊ पाणी पिण्यास उठला तर. गांवोगांवच्या घरांत आम्हीं हें पाहिलें आहे. ज्या घरीं आजहि असें यंत्र असेल, तेथील पालकांनीं आठवड्यांतून निदान दोन दिवस पहिला रिमोट मुलीच्या हातीं द्यावा, आणि कोण अधिक धीरानें घर सांभाळतें तें पाहावें.

विद्यार्थीमित्रांनो, 'टँकच्या गेम'मध्यें पहिल्याच पडद्यावर 'कन्स्ट्रक्शन' असा एक पर्याय आहे, त्याकडे तुम्हीं बहुधा लक्ष दिलें नसेल. तो निवडला कीं वीट, पोलाद, पाणी, झाडी व बर्फ मांडून स्वतःचें मैदान रचतां येतें. मैदान तेरा आडव्या व तेरा उभ्या घरांचें असतें. वीज गेली कीं तें पुसलें जातें, म्हणून प्रथम तें गणिताच्या चौकटीच्या वहींत काढावें. दोघांदोघांच्या जोडीनें, एक मुलगा व एक मुलगी अशी जोडी असल्यास अधिक चांगलें, असा एक नकाशा तयार करून आम्हांकडे आणून द्यावा. शत्रू कोठून येईल व घर कोण राखील हें शेजारीं दोन ओळींत लिहावें. त्यांतील निवडक नकाशे स्नेहसंमेलनाच्या दिवशीं वर्गाच्या भिंतीवर लावूं, आणि चित्रनळीचा एखादा जुना टीव्ही कोणा पालकांनीं आणून दिल्यास त्यांवर खेळूंहि.