हळदीचा खटला जिंकला, हळकुंडाचे काय?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांच्या कामाला पेटंट बहाल केले. शोध कोणता? तर जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग! मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर चिमूटभर हळद दाबणाऱ्या भारतातील असंख्य मातांना, आपल्या नित्याच्या कृतीला सातासमुद्रापार ‘नवा शोध’ म्हटले जात आहे, याची कल्पनाही नव्हती. अधिक क्लेशदायक बाब अशी की, ते दोन्ही संशोधक भारतीय वंशाचेच होते.

या पेटंटाला आव्हान दिले ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने. १९९६ साली परिषदेने हरकत घेतली, तेव्हा तिच्याजवळ शस्त्र होते ते पुराव्याचे. संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील जुन्या ग्रंथांसह बत्तीस संदर्भ सादर झाले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला शोधनिबंधही होता. १९९७ साली पेटंट कार्यालयाला आपला निर्णय फिरवावा लागला. कडुनिंबाची लढाई युरोपात झाली. एक अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना १९९४ साली मिळालेले निंबतेलाच्या बुरशीनाशकाचे पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

या विजयांचा उचित अभिमान प्रत्येक राष्ट्रभक्ताला वाटतो. परंतु त्यांतील बोध किती जणांनी घेतला? हळद वाचली ती केवळ परंपरा प्राचीन होती म्हणून नव्हे. कोणीतरी ती लिहून ठेवली होती म्हणून वाचली. जे ज्ञान ओठांवर राहिले आणि कागदावर उतरले नाही, त्याच्या बाजूने साक्ष देणार कोण? हे ओळखूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे कार्य सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध या पद्धतींतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत परदेशी पेटंट परीक्षकांसमोर ठेवले गेले. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही पेटंट मागणाऱ्याने जैविक संपत्तीचे व परंपरागत ज्ञानाचे मूळ सांगावे, हे तत्त्व मान्य केले.

राज्यकर्त्यांनी व शास्त्रज्ञांनी आपले काम केले. समाजाचे काय?

आज सुशिक्षित घरांत दोन विकृती सुखाने नांदत आहेत. पहिली मेकॉलेच्या मानसपुत्रांची. आजीने दिलेले हळद-दूध पाहून नाक मुरडणारा तरुण तेच पेय परदेशी नावाने, काचेच्या पेल्यात, दसपट मोल देऊन प्राशन करतो! पाश्चात्त्यांचा शिक्का बसल्यावाचून ज्यांना स्वतःच्या स्वयंपाकघराची किंमत कळत नाही, त्यांना स्वतंत्र म्हणावे तरी कसे?

दुसरी विकृती स्वकीयांतलीच, म्हणून अधिक घातक. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असे सांगत कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सर्व व्याधींवर एकच चूर्ण विकणारे आयुर्वेदाचे भक्त नव्हेत. ते त्याचे मारेकरी होत. आयुर्वेद मात्रा पाहतो, प्रकृती, देश आणि काळ पाहतो. आमटीतील चिमूटभर हळद वेगळी आणि तिचा अर्क काढून बनविलेली तीव्र गोळी वेगळी. इटलीत २०१९ साली हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाचे रुग्ण आढळले. तो दोष हळदीचा की मात्रेचा विवेक सोडणाऱ्या बाजाराचा? रुग्णाचे चालू औषध बंद करावयास लावणारा ‘घरगुती उपाय’ हा उपाय नव्हे, अपराध आहे.

भेसळीची कथा तर लज्जास्पद आहे. हळदीचा रंग खुलावा म्हणून तीत शिशाचे क्रोमेट मिसळले जाते. शिसे बालकांच्या मेंदूवर आघात करते. ज्या हळदीने देवाला मळवट भरायचा, वधू-वरांना माखायचे, तिच्यात विष कालवणारे हात परदेशी कंपनीचे नाहीत! वर्ध्याच्या वायगाव हळदीला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. तरीही मराठी गृहिणी झगझगीत पुडी पाहून भुलत असेल, तर ते मानांकन कोणासाठी?

स्वदेशी हे केवळ घोषणेचे नव्हे, दक्षतेचे व्रत आहे. अखंड हळकुंडे पारखून घ्यावीत, ती डंकावर डोळ्यांदेखत कुटून आणावीत. घरातील वृद्धांकडून वेखंड, अडुळसा, सुंठ, हिरडा यांचे उपयोग जाणून घ्यावेत. वनस्पतीचे नाव, मात्रा, कृती आणि तो उपाय कोणाला वर्ज्य आहे, हे वहीत नोंदवावे. ती वही जाणत्या वैद्यांकडून तपासून घ्यावी. तान्ह्या बाळाचा ज्वर, छातीतील कळ, न थांबणारा रक्तस्राव अशा प्रसंगी मात्र वही बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे; त्यात परंपरेचा कोणताही अवमान नाही.

घराघरांतील वृद्ध पिढी वेगाने निरोप घेत आहे. तिच्याबरोबर आजीबाईचा बटवाही काळाच्या उदरात गेला, तर उद्या कोणत्या पुराव्याच्या बळावर हिंदू समाज आपला वारसा सांगणार? पेटंटाची चोरी न्यायपीठापुढे उलटविता येते. विस्मृतीवर मात्र कोठेही अपील नाही.