बॅटरी आणि बाहुली

विंचू उतरवणाऱ्याकडे तास-दोन तास घालवून रुग्ण दवाखान्यात येतो. घामाने चिंब, उलट्या चालू, तोंडाला लाळ, हातपाय गार. सेलू-परतूर पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्याला हे चित्र नवे नाही. तरीही आपल्यापैकी काहींचा हात अजून सवयीने ॲट्रोपीनकडे जातो. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरीही असाच घामेजलेला, लाळ गाळत येतो आणि त्याला ॲट्रोपीननेच जीवदान मिळते. लाल विंचवाच्या रुग्णात मात्र तेच औषध नाडी आणि रक्तदाब आणखी चढवते. म्हणून आधी बॅटरी मारून बाहुली पाहावी. फवारणीच्या विषबाधेत ती बहुधा बारीक होते, विंचवाच्या वादळात बहुधा मोठी. एकट्या बाहुलीवर निदान ठेवू नये हे खरेच, पण ती न पाहता सिरिंज भरणे त्याहून वाईट.

हे ज्यांच्या नोंदींमुळे आपल्याला ठाऊक झाले, ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच मराठवाड्याचे, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेला माणूस तासातासाने कसा बदलतो, हे त्यांनी खाटेशेजारी बसून टिपले. उलट्या, भरपूर घाम, गार हातपाय, पुरुषांत शिश्नाची ताठरता ही पुढच्या संकटाची आगाऊ सूचना असते, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्यामागे भारी उपकरण नव्हते.

या विषाने मज्जातंतूंची सोडियमची दारे उघडी राहतात. पॅरासिंपथेटिक भर थोडा वेळ टिकतो आणि आपली फसगत होते ती याच वेळात. मग सिंपथेटिक रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमते, फुप्फुसांत पाणी भरते. सोडियम नायट्रोप्रुसाइडचे सलाइन यावर चालत होते, पण त्याला सतत देखरेख हवी. बावस्करांनी अल्फा रिसेप्टर अडवणारी प्राझोसिनची गोळी वापरली आणि १९८६ मध्ये तीही ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. माझ्या मते त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट हीच: उपाय आरोग्य केंद्राच्या कपाटात मावला. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत. रुग्ण आडवाच ठेवायचा, उलट्या-घामाने गेलेले पाणी भरून काढायचे. एक्सएल गोळी मोडून दिली तर हे साधत नाही, हे औषध दुकानदारालाही सांगून ठेवा. पुढे २०११ मध्ये ‘बीएमजे’त डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी ७० रुग्णांची तुलना छापली: प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. २०२२ साली पद्मश्री मिळाली. ती उशिराच म्हणायची.

आणखी एक खूण. दंशाच्या जागी ठणका जबर आणि बाकी सारे ठीक असेल, तर काळजी कमी. वादळातल्या रुग्णाचा ठणका हरवतो आणि तो परत आला की हातपायही गरम व्हायला लागतात. ‘दुखायला लागलं’ म्हणून घाबरलेल्या नातेवाइकांना हे समजावून सांगावे लागते.

बॅटरी फसवते ती मण्यारीच्या दंशात. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पापण्या न उघडता आणला जातो. बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला हालत नाहीत. दृष्टिपटल प्रकाश टिपत असते, मेंदूला तो कळतही असतो, फक्त बाहुली आकसण्याचा हुकूम मज्जातंतूच्या टोकाशी अडतो. अशा रुग्णाला मेंदू-मृत ठरवू नका. अंबू पिशवीने श्वास देत पुढे पाठवलेली माणसे चालत घरी जातात. त्याच्या कानाशी बोलतानाही जपून बोला, त्याला ऐकू येत असू शकते.

पुढच्या अंकापासून अशा नोंदींसाठी अर्धे पान राखले आहे. दंश किती वाजता, दवाखान्यात किती वाजता, बाहुली, हातपाय, नाडी, रक्तदाब, कोणते औषध केव्हा दिले, एवढेच लिहा. रुग्णाचे नाव नको. त्याला परभणीला किंवा नांदेडला हलवले आणि पुढचे कळले नाही, तर तसे लिहूनच पाठवा.