जाहिरातीची लवचीक तबकडी
मालाबरोबर किंवा मासिकाबरोबर फुकट दिली जाणारी गाण्यांची तबकडी हे विसाव्या शतकातील जाहिरातीचे एक प्रभावी साधन होते. त्यासाठी बहुधा कागदासारखे पातळ, वाकणारे व्हिनाइल वापरत. ते स्वस्त पडे आणि टपालाने सहज जाई. हलकेपणामुळे अशी तबकडी रेकॉर्ड प्लेअरवर घसरे, म्हणून तिच्यावर नाणे ठेवण्याची सूचना छापलेली असे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास ‘द आर्चीज’ या कार्टूनमधील बँडची गाणी न्याहारीच्या सीरियलच्या खोक्यावरच उमटवली गेली, मुले ती कात्रीने कापून वाजवत. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जानेवारी १९७९ च्या अंकासोबत देवमाशांच्या गाण्याची तबकडी दिली; तिच्या एक कोटीहून अधिक प्रती निघाल्या आणि सागरी जीवांविषयीची आस्था घरोघर पोहोचली. पुढे कॅसेट आणि सीडी आल्यावर ही प्रथा मागे पडली.