आजीचे मुठेल आणि बाजारातले 'बटर'

कोकणातील जुन्या घरांच्या फडताळात पांढुरक्या, टणक तेलाचा एक गोळा हमखास सापडत असे. थंडीत टाचांना भेगा पडल्या, ओठ फुटले की आजी तो पळीत जरासा वितळवी आणि भेगांत भरी. कुणी त्याला मुठेल म्हणे, कुणी भिरंडेल, कुणी सरळ कोकमतेल. त्याची ना कधी जाहिरात झाली, ना कुणी त्याचे मोल केले. आज शहरातील दुकानात एखाद्या महागड्या क्रीमची वा लिपस्टिकची खोकी उलटून पाहावी. बारीक अक्षरांत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असे शब्द कधी आढळतात. हे परके वाटणारे नाव आजीच्या त्या मुठेलाचेच होय!

या स्नेहद्रव्याचा गुण साधा आहे. स्टिअरिक आणि ओलेइक ही मेदाम्ले त्यात विपुल असल्याने ते एरवी घट्ट राहते आणि सुमारे 38 ते 42 अंश सेल्सिअसला वितळते. म्हणूनच ते मलमाला बांधा देते आणि त्वचेवर चोळताच मऊ होऊन तिच्यातील ओलावा टिकवते. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमांनी चॉकलेटमध्ये ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना मर्यादित मुभा दिली, त्यांतही कोकम आहे.

मग या मानाचा वाटा कोकणच्या अंगणात किती पोहोचतो? रातांब्याच्या सालीची आमसुले होतात, आगळ होते. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेले तेल काढून घेण्याची कला घरच्या स्त्रियांनी जपली. बियांच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा तेल निघते. परंतु जेथे बी तशीच विकली जाते, तेथे घराला केवळ बियांचे दाम मिळतात. बरणीतील क्रीमचे दाम दुसऱ्याच्या पदरी पडतात.

'आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते,' असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. पण अभिमानाने तेल शुद्ध होत नाही! पावसात भिजलेल्या बियांना बुरशी धरते, तेलाला वास येतो आणि मग ग्राहक पाठ फिरवतो. स्वच्छ वाळवण, गाळणी, तपासणी आणि प्रत्येक खेपेला तीच प्रत, एवढी शिस्त गावोगावच्या बचत गटांनी अंगी बाणवली, तरच स्वदेशी हा शब्द बाजारात टिकेल.

झाडाकडेही पाहावे लागेल. बीपासून वाढवलेल्या कोकमांत निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळेपर्यंत कित्येक वर्षे जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता'सारखे वाण व कलमे देऊन हा प्रश्न सोडवला आहे. तरीही जमीन विकली जाते तेव्हा कुऱ्हाड आधी बांधावरच्या कोकमावर पडते, कारण त्याचे मोल कुणी मांडलेलेच नसते.

ते मोल मांडणे आपल्या हाती आहे. सुटीत गावी जाल तेव्हा बांधावर एक कलम लावा आणि शेजारच्या काकूंकडून मुठेल योग्य दाम देऊन घ्या. आजीने जे निगुतीने जपले, ते नातवंडांनी परक्या नावाने विकत घ्यावे, हे आपल्याला शोभणारे नाही.