सौरवादळाची खबर तीन दिवस आधी, पण दिशा शेवटच्या तासात

सूर्यावर मोठी ज्वाला उसळल्याची बातमी आली की मोबाइलवर एकच निरोप फिरू लागतो : इंटरनेट बंद पडणार, वीज जाणार. बहुतेक वेळा काहीच होत नाही. मग पुढची खरी सूचनाही लोक हसण्यावारी नेतात. या गोंधळाचे मूळ दोन निरनिराळ्या घटनांना एकच समजण्यात आहे.

सौरज्वाला म्हणजे क्ष-किरणांचा आणि प्रकाशाचा स्फोट. तो सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर येतो, म्हणजे दिसतो त्याच क्षणी परिणामही सुरू झालेला असतो. पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूवर लघुलहरींचा रेडिओसंपर्क काही काळ तुटतो. जमिनीवरच्या माणसाच्या शरीराला मात्र त्याने इजा होत नाही. वातावरण हे किरण वरच्या वर अडवते.

वीजजाळ्याला झटका देतो तो ज्वालेबरोबर कधी कधी सुटणारा तप्त, चुंबकीय वायूचा प्रचंड ढग, म्हणजे ‘सीएमई’. त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. पण तो किती त्रास देईल हे त्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरते. क्षेत्र उत्तरेकडे असेल तर ढग बऱ्यापैकी निमूट निघून जातो. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचात शिरकाव करतो. ही दिशा खात्रीने मोजता येते ती ढग ‘एल-1’ या बिंदूवरच्या यानांपर्यंत आल्यावरच. हा बिंदू आपल्यापासून 15 लाख किलोमीटरवर. ढगाचा वेग सेकंदाला 700 किलोमीटर असेल, तर हाताशी उरतात 36 मिनिटे.

मे 2024 मध्ये हेच अनुभवाला आले. एकामागून एक सुटलेले ढग 10 मे रोजी पृथ्वीवर आदळले आणि पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे वादळ उठले. ऑक्टोबर 2003 नंतरचे हे पहिलेच. लडाखमधल्या हानले येथे आकाश लाल दिसले. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले. न्यूझीलंडने काही वीजवाहिन्या खबरदारी म्हणून आधीच बंद केल्या. 1989 मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताला अशी उसंत मिळाली नव्हती; तिथले वीजजाळे सुमारे दीड मिनिटात कोसळले आणि 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने वीजजाळ्याला कॅनडाइतका धोका नाही. आपली दुखरी जागा वेगळी आहे. आपल्या डोक्यावरचे आयनांबर मुळातच अस्थिर असते आणि वादळात जीपीएससारख्या उपग्रहांचे संकेत त्यातून येताना चुकतात. विमाने, जहाजे, जमीनमोजणी यांना ही चूक परवडणारी नसते.

शिवाय मे 2024 चे वादळ म्हणजे कमाल नव्हे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या कर्मचाऱ्यांनी 2 सप्टेंबर 1859 रोजी चुंबकीय क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण हाताने नोंदवून ठेवली होती. मे 2024 च्या वादळाचा जागतिक निर्देशांक 400 च्या आसपास खाली गेला. दोन्ही मापे तंतोतंत एक नाहीत, तरी तफावत बोलकी आहे. 1859 च्या महावादळाचा जोर ठरवताना शास्त्रज्ञ आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे वळतात.

चालू सौरचक्राचा भर ओसरतो आहे, पण म्हणून निर्धास्त होता येत नाही. 2003 चे वादळही सूर्य उतरणीला लागल्यावरच आले होते. जानेवारी 2024 पासून भारताचे ‘आदित्य एल-1’ त्या बिंदूपाशी आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने घडवली असून ती ज्वाला टिपते, ढगाचे चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरणही यानावर आहे. मात्र 1859 चा ढग सूर्यापासून पृथ्वीपर्यंत साडेसतरा तासांत आला होता. त्या वेगाच्या ढगाची दिशा एल-1 वर कळली, तर वीजकेंद्रांना आणि विमानतळांना मिळतील जेमतेम दहा-अकरा मिनिटे.